ऐतिहासिक शेपूट

इंग्रजी भाषेशी माझं वैर नाही. वैर करायला आधी ओळख लागते. आमची ओळख जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांसारखी, 'काय, बरंय ना?' एवढ्यावर भागणारी. 'विथ रेफरन्स टु युवर लेटर' पासून 'युवर्स फेथफुली' पर्यंतचा मुलूख मला पाठ आहे. या दोन टोकांच्या मध्ये काय लिहायचं ते सहसा मागच्या वर्षीच्या फाइलीत सापडतं. कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे इंग्रजीत मला डेबिट आणि क्रेडिट यांतला फरक कळतो, आणि बँकेतली नोकरी टिकवायला तेवढा पुरतो.

पण २०२२ साली आमच्या शाखेला पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि माझ्या सुखाच्या संसारात एक विशेषण शिरलं.

त्याचं असं झालं. मी क्वचित कुठेतरी काहीबाही लिहितो ही बातमी मॅनेजरसाहेबांपर्यंत पोचलेली होती. ज्याचं नाव आयुष्यात एकदा दिवाळी अंकात छापून येतं, त्याच्यावर बँकेत सर्व भाषांतलं सर्व लेखन येऊन पडतं. शोकसभेच्या ठरावापासून 'पाणी जपून वापरा' या पाटीपर्यंत सगळं. त्याच न्यायानं सुवर्णमहोत्सवाच्या निमंत्रणाचा मसुदा माझ्याकडे आला. मी एक दिवसाची किरकोळ रजा वाया घालवून तो तयार केला. त्यात 'ऑन धिस हिस्टॉरिकल ऑकेजन' असं एक वाक्य होतं. खरं सांगतो, सबंध निमंत्रणात मला तेवढंच वाक्य मनापासून आवडलं होतं. चारशे कार्डं छापून आली. मलई रंगाचा कागद, सोनेरी कडा, सगळं कसं झकास.

तिसऱ्या दिवशी वरच्या कार्यालयातून फोन आला. मॅनेजरसाहेब वरचा फोन उभ्यानं घेतात. ते उभे राहिले म्हणजे आम्ही बसल्या जागी सावध होतो. दोन मिनिटं त्यांनी 'येस सर' एवढंच म्हटलं आणि मग मला आत बोलावलं.

"अहो, हे हिस्टॉरिकल काय लिहून ठेवलंत?"

"का साहेब? ऐतिहासिक प्रसंग नाही का हा?"

"ते म्हणतात, हिस्टॉरिकल म्हणजे नुसतं जुनं. आपल्याला हिस्टॉरिक पाहिजे, हिस्टॉरिक! शेवटचं ए-एल काढा."

"पण कार्डं छापून झालीत."

"मग व्हाइटनर आहे ना!"

अशा रीतीनं मी, एक कॅशियर आणि आमचे शिपाईमामा असे तिघं जण संध्याकाळी कॅश बंद झाल्यावर चारशे कार्डांवरच्या चारशे शेपट्या छाटत बसलो. निम्म्याहून अधिक एकट्या मामांनी छाटल्या. मला इंग्रजी येत असल्यामुळे माझा हात थरथरत होता. मामांचा हात स्थिर होता. एकच गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नव्हती. कार्ड मलई रंगाचं होतं आणि व्हाइटनर पांढराशुभ्र. आधी जी चूक कुणी वाचलीही नसती, ती आता दहा फुटांवरून चमकायला लागली. एका पेन्शनर आजोबांनी तर काउंटरवर उभ्या उभ्या नाण्यानं तो पांढरा ठिपका खरवडला आणि विचारलं, "याच्याखाली काय बक्षीस आहे?"

चूक झाल्याचं मला दुःख नव्हतं. चुका होतात, म्हणून तर ऑडिटर असतात. पण नेमकं काय चुकलं तेच कळलं नाही, याची टोचणी लागली. म्हणून मी कॉलेजातल्या बक्षिसाची जाडी डिक्शनरी काढली. हे बक्षीस मला निबंधासाठी नव्हे, कॅरममध्ये मिळालं होतं. वाचकांची फसवणूक नको.

डिक्शनरी म्हणते ते थोडक्यात असं. जे इतिहासाशी संबंधित आहे, भूतकाळात घडलेलं आहे, ते सगळं हिस्टॉरिकल. आणि जे इतिहासात गाजलं, इतिहासानं ज्याची खास दखल घेतली किंवा पुढे नक्की घेईल, ते हिस्टॉरिक. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवराज्याभिषेक झाला, तो दिवस हिस्टॉरिक. त्या दिवसावर कुणी कादंबरी लिहिली तर ती हिस्टॉरिकल. कादंबरी कितीही सुमार असली तरी तिचं हिस्टॉरिकलपण कुणी काढून घेऊ शकत नाही. हिस्टॉरिक व्हायचं तर मात्र ती फारच चांगली हवी, नाहीतर लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहील इतकी वाईट तरी.

इतकं कळल्यावर गप्प बसावं की नाही? पण कारकुनाला एक नोंद सापडली की तिचं व्हाउचर पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. शोधता शोधता मी फाउलरसाहेबांपर्यंत पोचलो. हे गृहस्थ आधी शाळामास्तर. त्यांनी १९२६ साली 'ए डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज' हा ग्रंथ काढला आणि सगळ्या इंग्रजी लिहिणाऱ्यांना कायमचं बाकावर उभं केलं. पूर्वी हे दोन शब्द एकमेकांच्या खुर्चीवर खुशाल बसत. फाउलरसाहेबांचं म्हणणं असं, की आता त्यांची वाटणी झालेली आहे. तेव्हा कुणी परत घोटाळा करू नये. रोजच्या वापराचा साधा शब्द म्हणजे हिस्टॉरिकल. स्मरणीय गोष्टींसाठी राखून ठेवलेला तो हिस्टॉरिक. थोडक्यात, एक रोजचं धोतर आणि एक लग्नकार्याचं.

अशा शेपटीवाल्या जोड्या इंग्रजीत आणखीही आहेत. इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रिकल घ्या. शेगडी इलेक्ट्रिक असते आणि इंजिनिअर इलेक्ट्रिकल. इंजिनिअर इलेक्ट्रिक निघाला तर त्याच्याशी हस्तांदोलन करण्याची सोय उरणार नाही. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल ही दुसरी जोडी. देशाचं धोरण इकॉनॉमिक आणि माझी स्कूटर इकॉनॉमिकल. या जोडीत मराठी माणूस सहसा फसत नाही. आपल्याकडे आर्थिक आणि काटकसरी असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आर्थिक परिस्थितीमुळेच काटकसर करावी लागते, तेव्हा दोन्हींचा परिचय घरातच झालेला असतो.

आता फाउलरसाहेबांच्या वाटणीबद्दल माझी एक तक्रार आहे. ती खुद्द मोठ्या माणसांनीही पाळलेली नाही. आपली राज्यघटनाच पाहा. तिच्या इंग्रजी मसुद्यात ४९व्या अनुच्छेदात स्मारकांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. कोणती स्मारकं? तर कलात्मक किंवा 'हिस्टॉरिक' महत्त्वाची. आणि त्याच कामासाठी संसदेनं १९५८ साली प्राचीन स्मारकांचा जो कायदा केला, त्यातल्या व्याख्येत काय म्हटलंय? 'हिस्टॉरिकल' महत्त्वाची. म्हणजे घटनासमितीतल्या एवढ्या नामांकित बॅरिस्टरांनी शेपूट छाटलं आणि संसदेनं ते पुन्हा चिकटवलं. मात्र दोघांपैकी कुणालाही 'व्हाइटनर लावा' असा फोन आल्याचं ऐकिवात नाही.

पुन्हा त्या वाटणीला अपवाद आहेच. घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगायची जी पद्धत असते, तिला इंग्रजीत 'हिस्टॉरिक प्रेझेंट' म्हणण्याची जुनी वहिवाट आहे. म्हणजे जिथे काहीही गाजलेलं नाही तिथेही हिस्टॉरिक. आपल्या व्याकरणात त्याला ऐतिहासिक वर्तमानकाळ म्हणतात. आमचे मामा या काळाचे सम्राट. "मग तो पोरगा मला म्हणतो, बॅग बाहेर ठेवणार नाही. मी त्याला म्हणतो, ठेवावी लागंल. तो जातो, मी अडवतो." एवढं सगळं १९९७ साली घडलेलं असतं. पण मामांच्या तोंडून ऐकताना आपण नकळत काउंटरखाली वाकून पोलीस-घंटीचं बटण शोधायला लागतो.

असो. इंग्रजांचं इंग्रजांपाशी. माझी खरी पंचाईत मराठीत झाली. मराठीत या दोन्ही शब्दांना मिळून आपण एकच शब्द ठेवला आहे, ऐतिहासिक. कादंबरी ऐतिहासिक, किल्ला ऐतिहासिक, नाटकातली दाढी ऐतिहासिक आणि निर्णयही ऐतिहासिक. एकाच खात्यात दोन माणसांचे पैसे जमा होत राहिले की काय होतं? त्यातला जो जरा दांडगा असतो तो सगळे काढून घेतो. इथे तस्संच झालं. मोठेपणाचा दांडगा अर्थ सगळा शब्द घेऊन बसला आणि 'पूर्वी घडलेलं' हा गरीब अर्थ दाराबाहेर राहिला.

त्यामुळे आपल्याकडे हल्ली साधं काही घडतच नाही. गल्लीतल्या गटाराचं भूमिपूजन ऐतिहासिक, सोसायटीची सभा कोरम भरून वेळेवर सुरू झाली तर ती ऐतिहासिक (हे एक वेळ मी मान्य करीन), ग्रामपंचायतीत अकरा मतांनी मिळालेला विजय ऐतिहासिक. २५ जून १९८३ला लॉर्ड्सवर आपण विश्वचषक जिंकलो, त्यालाही ऐतिहासिकच म्हणायचं आणि आमच्या बँकेनं टेनिस बॉलच्या स्पर्धेत शेजारच्या बँकेला हरवलं त्यालाही तेच. इतकंच कशाला, रुपया घसरला की पेपरात मथळा येतो, 'रुपयाचा ऐतिहासिक नीचांक'. म्हणजे आपल्याकडे नुसतं पडूनसुद्धा इतिहासात जाता येतं. चढायची गरजच नाही.

बरं, भाषा दरिद्री आहे म्हणावं, तर तसंही नाही. इतिहासप्रसिद्ध आहे, इतिहासकालीन आहे, संस्मरणीय आहे. कोठारात माल भरपूर आहे. आपल्याला आत जाऊन आणायचा कंटाळा. दारातच ठेवलेलं ऐतिहासिक हाताला लागतं, तेच उचलतो.

हे सगळं ज्ञान मी घरी रात्री जेवताना वाटायला सुरुवात केली. ज्ञान वाटलं की वाढतं म्हणतात. आमच्याकडे ते भाजीबरोबर बाजूला सारलं जातं. बायको शांतपणे ऐकत होती. मी घटनेच्या ४९व्या अनुच्छेदापाशी आल्यावर तिनं विचारलं,

"आपल्या लग्नाचा दिवस यातला कुठला?"

असले प्रश्न विचारात घेऊन उत्तर देण्यासारखे नसतात. मी तत्काळ म्हटलं, "हिस्टॉरिक! म्हणजे काय!"

"तारीख?"

मी पाण्याचा पेला उचलला. पेला रिकामा व्हायला किती वेळ लागणार? मान कपाटाकडे वळलीच. कपाटात लग्नाचा अल्बम असतो आणि त्याच्या पहिल्या पानावर सोनेरी अक्षरात तारीख.

"कळलं," ती म्हणाली. "अहो, सोपं आहे की! जे लक्षात राहतं ते हिस्टॉरिक आणि ज्याच्यासाठी वही उघडावी लागते ते हिस्टॉरिकल. माझ्यासाठी तो दिवस हिस्टॉरिक आहे, तुमच्यासाठी हिस्टॉरिकल."

मी घास हातात धरून बसलो. फाउलरसाहेबांना जे ग्रंथात सांगावं लागलं ते हिनं आमटी वाढता वाढता सांगितलं होतं. शिवाय उदाहरणासह.

त्या रात्री मला झोप आली नाही. लग्नाच्या तारखेमुळे नव्हे, ती मी अल्बम पाहून पाठ केली. पण ते वहीचं वाक्य डोक्यातून जाईना. ज्याच्यासाठी वही उघडावी लागते ते! म्हणजे आमचा अख्खा धंदाच की! मी वीस वर्षं दुसरं काय करतोय?

मूळ शब्दांकडे पाहिलं तरी तेच निघतं. इति ह आस. हे असं असं झालं, बस्स. मोठं झालं, महान झालं, टाळ्या पडल्या, असं त्यात काहीच नाही. सेव्हिंग्जच्या पासबुकात तरी दुसरं काय असतं? इंग्रजी शब्दाचं मूळ ग्रीक. तिथे 'हिस्टोरिया' म्हणजे चौकशी. हे वाचल्यावर मी अंथरुणात उठून बसलो. आमच्या शाखेत दाराजवळच्या पहिल्याच खिडकीवर पाटी आहे, 'चौकशी'. म्हणजे गेली तीन वर्षं मी त्या खिडकीत बसून 'पासबुक प्रिंटर बंद आहे' असं सांगत होतो, तेव्हा ग्रीक हिशेबानं मी इतिहासकार होतो!

अकाउंटन्सीतही आम्ही हाच शब्द शिकलो होतो, हिस्टॉरिकल कॉस्ट. एखादी जागा ज्या किमतीला घेतली त्या किमतीला पुस्तकात दाखवायची. आज बाजारात तिचा भाव काय, ती किती मोक्याची, तिच्यापुढून मेट्रो जाणार आहे का, हे कुणी विचारायचं नाही. ज्या दिवशी घेतली त्या दिवशी मोजलेले पैसे किती, तेवढं बोला. या शब्दात बढाई मारायला जागाच नाही. परीक्षेत मी यावर सहा मार्कांचा प्रश्न सोडवला होता. पण त्यात एवढं शहाणपण भरलेलं आहे, हे तेव्हा कळलं नव्हतं. कळलं असतं तर सहापैकी दोन मिळाले नसते.

आणि मग मला २०१६ आठवलं. ८ नोव्हेंबर, रात्री आठ. पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर ऐकलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत तो निर्णय ऐतिहासिक होता, आणि असेलही. तो चांगला की वाईट याचा वाद तज्ज्ञ घालोत. मी काउंटरच्या आतल्या बाजूला होतो, मला तिथून जे दिसलं तेवढं सांगतो. हिस्टॉरिक प्रकरण एका संध्याकाळीत आटोपलं. हिस्टॉरिकल ३० डिसेंबरपर्यंत चाललं. नोटा बदलून द्यायची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार हजार, मग दोन हजार. रोज नवं परिपत्रक, रोज बोटाला शाई, ओळखपत्रांच्या झेरॉक्सांचे ढीग. डाळीच्या डब्यातून निघालेल्या, हळदीचा वास येणाऱ्या नोटा घेऊन एक आजी आल्या होत्या. 'घरात सांगू नका हो' म्हणाल्या. त्या एकूण किती होत्या ते मी सांगणार नाही, पण मी मोजल्या आहेत आणि त्या दिवशीच्या पुस्तकात लिहिल्या आहेत. ८ नोव्हेंबर ही तारीख सगळ्यांच्या लक्षात राहील. आजींच्या नोटांसाठी वही उघडावी लागेल.

आणि ती वही मुळात शिल्लक असायला हवी. इथे माझ्या विशेषणाची गाठ पुन्हा वरच्या कार्यालयाशी पडली.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाखेत छोटंसं प्रदर्शन मांडायचं ठरलं होतं. शिपाईमामा आणि मी जिन्याखालच्या रेकॉर्ड रूममध्ये शिरलो. ही खोली फक्त मामांना माहीत आहे. आम्ही सगळे तिला घाबरतो, कारण तिथे पाली आहेत आणि मागचे ऑडिट आहेत. मामांनी पितळी टोकनं काढली, हातानं फिरवायचं बेरजेचं यंत्र काढलं आणि शेवटी खालच्या फळीवरून एक लेजर ओढलं. १९७२-७३चं सेव्हिंग्ज लेजर. पाठ तुटली होती. मामांनी कधीतरी स्वतः खळ करून खादीच्या पट्टीनं ती बांधली होती.

मी ते सहज उघडलं आणि उभ्या उभ्या वाचत राहिलो. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. ७२च्या जूनमध्ये खात्यांवर दीडशे, दोनशे, कुठे तीनशे शिल्लक. मग पैसे काढल्याच्या नोंदी. भरल्याची एक नाही. दिवाळीपर्यंत निम्मे. ७३च्या उन्हाळ्यात शिल्लक पाच रुपये. खातं बंद पडू नये एवढे ठेवलेले. पान उलटलं, पाच रुपये. पुढचं, पाच रुपये. सहीच्या जागी अंगठा, अंगठा, अंगठा. दुष्काळ हा शब्द सबंध लेजरमध्ये कुठेही नाही. तो लिहायला कॉलमच नसतो.

त्याच काळात दुष्काळी कामं निघाली, त्यातून रोजगार हमी आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणारा तो कायदा हिस्टॉरिक, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या कायद्याची गरज का पडली, हे विचारायला कुणी चौकशीच्या खिडकीवर आलंच, तर मी हे लेजर पुढे करीन.

लेजर प्रदर्शनात ठेवता येत नव्हतं. खातेदारांची माहिती उघडी करायची नाही, हा बँकेचा धर्म. उलट ते नष्ट करायच्या यादीत होतं. १९८५चे नियम आहेत. काही पुस्तकं पाच वर्षं ठेवायची, काही आठ. हे पन्नास वर्षं राहिलं होतं ते केवळ मामांच्या खळीमुळे. ते पुढे ठेवायचं तर फॉर्म भरायला हवा, आणि फॉर्मात 'कारण' असा एक रकाना.

मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "काय लिहायचं?"

"हिस्टॉरिकल व्हॅल्यू."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अहो, परत फोन येईल! हिस्टॉरिक लिहा, त्यांना तो आवडतो."

"नको साहेब. हिस्टॉरिक लिहिलंत तर ते विचारतील, यात कुठल्या मंत्र्याची सही आहे? यात सगळे अंगठेच आहेत."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग मी त्यांना पानिपतची चिठ्ठी सांगितली. आपण सगळ्यांनी ती लहानपणी ऐकलेली असते. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर घात झाला. नानासाहेब पेशव्यांना तो कळला एका सावकाराच्या पत्रातून, असं परंपरेनं सांगतात. म्हणजे आमच्याच धंद्यातल्या माणसाकडून. पत्र हिशेबी भाषेत होतं. गळालेले दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. हरवलेल्या सत्तावीस मोहरा म्हणजे मोठे सरदार. आणि शेवटी रुपये-खुर्दा, म्हणजे साधी माणसं. त्याची म्हणे गणतीच नव्हती.

शाळेत असताना मला मोत्यांचं वाईट वाटायचं. बँकेत लागल्यापासून खुर्द्याचं वाटतं. सावकाराला दोष नाही, कोसळलेल्या आभाळाखाली बसून त्यानं जेवढं लिहिता आलं तेवढं लिहिलं. पण आमच्या शाखेत संध्याकाळी खुर्दा मोजल्याशिवाय कॅश टॅली होत नाही. मोठ्या नोटांची बंडलं कितीही बरोबर असोत, आठ आण्याचा फरक राहिला तरी कुणी घरी जात नाही. मोती आणि मोहरा लोकांच्या तोंडी राहतात. खुर्दा फक्त वहीत राहतो, तोही वही राहिली तर. म्हणूनच इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव दप्तरं धुंडाळली आणि १८९८ साली पहिला खंड काढला, तेव्हा त्याला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' म्हटलं. साधनं! त्यांच्यासारख्या करारी माणसालासुद्धा आधी कागद सांभाळावेसे वाटले, निवाडा मागाहून.

साहेबांनी निमूटपणे 'हिस्टॉरिकल व्हॅल्यू' लिहिलं. शेपटीसकट. आठ दिवसांनी वरून उत्तर आलं, 'रिटेन'. एकच शब्द, विशेषण नाही. वरच्या लोकांना विशेषणांचा एवढा सोस असूनही त्यांनी एक क्रियापद पाठवलं, याचा मला फार आनंद झाला.

सुवर्णमहोत्सव थाटात पार पडला. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात 'ऐतिहासिक' हा शब्द अकरा वेळा वापरला. मोजायची सवय, काय करणार? स्मरणिकेत शाखेच्या आजवरच्या सगळ्या मॅनेजरांचे फोटो ओळीनं होते. मामांचा नव्हता. त्यासाठी रकाना नव्हता.

त्याच महिनाअखेरीला मामा निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, वेफर्स, चहा, सगळं यथासांग झालं. पाच वाजता ते रेकॉर्ड रूमची किल्ली द्यायला माझ्या टेबलापाशी आले.

"भाऊसाहेब, येक विचारू का? त्या कार्डावर आपण जे पुसलं, ते काय व्हतं हो?"

"दोन अक्षरं होती, मामा."

"मोठी?"

"नाही. आपल्यासारखीच होती."

मामा हसले. मला वाटतं, त्यांना कळलं नाही आणि त्यांनी उगाच मला बरं वाटावं म्हणून हसून घेतलं. मग आम्ही दोघं जिन्याखाली गेलो. मला लेजरवर चिठ्ठी चिकटवायची होती. वर्ष लिहिलं, लेजरचा नंबर लिहिला, 'जपून ठेवावे' लिहिलं. खाली 'बांधणी व दुरुस्ती' असं लिहून मामांचं नाव घालायला पेन टेकवलं आणि तसाच थांबलो. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, चारशे शेपट्या बरोबर छाटल्या, आणि मला त्यांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं.

"मामा, तुमचं नाव सांगा."

त्यांनी सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. शाळेत मास्तरांना सांगतात तसं, ताठ उभं राहून. मी नीट विचारून, ऱ्हस्व-दीर्घ पाहून लिहून घेतलं. व्हाइटनर खिशात होता. तो काढावा लागला नाही.